डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस: रुग्णालयाने फॅमिली डॉक्टरांना काय, कसे आणि केव्हा कळवावे

रुग्णालयातून घरी गेलेला रुग्ण पहिल्या चार-आठ दिवसांत बहुधा आपल्या फॅमिली डॉक्टरांच्याच दारात उभा राहतो. ऑपरेशन कोल्हापूरच्या राजारामपुरीत झालेले असो वा पुण्यात, टाक्यांतून पाणी येऊ लागले, गोळ्यांनी मळमळ सुरू झाली किंवा रात्री धाप लागली, की घरचे लोक आधी ओळखीच्या डॉक्टरांकडे धावतात. त्या वेळी डॉक्टरांच्या हातात पडणारे डिस्चार्ज कार्ड म्हणजे रुग्णालयात काय घडले याचा इतिहास असतो. दाखल होतानाच्या तक्रारी, तपासण्यांचे आकडे, दिलेली सलाईन आणि इंजेक्शने हे सगळे त्यात सापडते. पुढे कोणी, केव्हा, काय करायचे हे मात्र शेवटच्या ओळीत ‘फॉलोअप आठ दिवसांनी’ एवढ्यावर आटोपलेले असते. पुढील मजकूर त्या न लिहिल्या जाणाऱ्या भागाविषयी आहे. कार्ड लिहिणारे निवासी डॉक्टर, त्यावर सही करणारे कन्सल्टंट आणि ते वाचणारे फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी तो प्रामुख्याने आहे. नातेवाइकांनी काय मागून घ्यावे तेही ओघाने येईल.

दाखल करतानाच विचारावे

बहुतेक रुग्णालयांच्या ॲडमिशन फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचे नाव, विमा कंपनी आणि आधार क्रमांक यांसाठी रकाने असतात, पण फॅमिली डॉक्टरांसाठी रकाना नसतो. तो छापून घ्यावा, आणि त्यात डॉक्टरांचे नाव, गाव किंवा पेठ, मोबाईल क्रमांक आणि ओपीडीची वेळ लिहून घ्यावी. ‘तुमचे फॅमिली डॉक्टर कोण?’ असे विचारले तर अनेक जण गोंधळतात, कारण गावाकडे एक डॉक्टर असतात आणि मुलगा राहतो त्या शिवाजी पेठेत दुसरे. ‘थंडीताप आला तर आधी कोणाकडे जाता?’ असे विचारले की नेमके नाव मिळते. शिवाय डिस्चार्जनंतर रुग्ण कोणत्या घरी राहणार आहे हेही विचारावे. गडहिंग्लजच्या आजी दोन महिने उचगावला लेकीकडे राहणार असतील, तर पत्र उचगावच्या डॉक्टरांना जायला हवे.

दाखल झाल्यावर त्या डॉक्टरांना एक फोन करणे हा वेळेचा अपव्यय नाही. रुग्णाचे पूर्वीचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील आकडा) किती होते, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, रक्तदाबाची गोळी तो खरोखर घेतो की फक्त विकत आणतो, हे त्यांना पाठ असते. त्याच वेळी माहिती देण्याबाबत रुग्णाची संमती घेऊन तशी एक ओळ फॉर्मवर लिहून सही घ्यावी. रुग्ण नको म्हणाला, तर त्याचा शब्द अंतिम मानावा; मानसिक आजार, एचआयव्ही किंवा गर्भपात अशा बाबतींत तर विशेष करून, कारण लहान गावात दवाखान्याचा कंपाउंडर हा बहुधा कोणाचा तरी चुलतभाऊ असतो.

अर्ध्या पानाचे पत्र

सविस्तर डिस्चार्ज समरी विम्यासाठी, नोंदीसाठी आणि प्रसंगी न्यायालयासाठी आवश्यक आहे. तिला हात लावण्याचे कारण नाही. मात्र तिच्यावर फॅमिली डॉक्टरांच्या नावे अर्ध्या पानाचे वेगळे पत्र जोडावे, आणि गर्दीच्या ओपीडीत ते दोन मिनिटांत वाचून व्हावे. त्यात काय असावे हे नियमांच्या भाषेत सांगण्यापेक्षा एक काल्पनिक नमुनाच देतो.

‘प्रति, डॉक्टर (नाव), गारगोटी. आपला रुग्ण, पुरुष, वय ६२, हृदयविकाराच्या झटक्याने आमच्याकडे दाखल होता. एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे. हृदयाचे पंपिंग ४० टक्के. जाताना क्रिएटिनिन १.४, आपल्याकडील जुने १.१.

नवीन सुरू केलेली औषधे: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोर्व्हास्टॅटिन, रॅमिप्रिल. बंद केलेले: गुडघ्यांसाठी चालू असलेले डायक्लोफेनॅक, कारण मूत्रपिंडावर ताण आणि रक्तस्रावाचा धोका, दुखल्यास पॅरासिटामॉल द्यावे. तात्पुरते थांबवलेले: मेटफॉर्मिन, अँजिओग्राफीतील औषधामुळे, पुढील तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले नसल्यास आपण सुरू करावे.

आपण करावे: सात ते दहा दिवसांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, कारण रॅमिप्रिल नवीन आहे. क्रिएटिनिन १.८ च्या वर किंवा पोटॅशियम ५.५ च्या वर गेल्यास त्याच दिवशी फोन करावा. आम्ही करू: एक महिन्याने इको आणि औषधांचा आढावा. स्टेंटसाठीच्या दोन्ही गोळ्या एक वर्ष चालू राहतील. दात काढण्यासाठीसुद्धा आम्हाला विचारल्याशिवाय थांबवू नयेत. झटक्याची आणि पंपिंग कमी झाल्याची कल्पना रुग्ण व मुलगा या दोघांना दिली आहे. संपर्क: (डॉक्टरांचे नाव, मोबाईल, फोन करण्याची वेळ).’

या पत्रात मोठे वैद्यकीय ज्ञान काहीच नाही. परंतु प्रत्येक कामापुढे ते कोणाचे आहे हे लिहिले आहे, आणि पत्राची किंमत तेथेच आहे. ‘क्रिएटिनिन पुन्हा तपासावे’ असे कर्ताच नसलेले वाक्य लिहिले, की फॅमिली डॉक्टरांना वाटते रुग्णालय तपासेल, रुग्णालयाला वाटते गावातले डॉक्टर तपासतील, आणि रुग्णाला वाटते की गरज असती तर कोणीतरी सांगितले असते. ‘आपण करावे’ आणि ‘आम्ही करू’ असे दोन भाग पाडले की ही पळवाट राहत नाही. आकडा किती झाल्यावर फोन करायचा हेही लिहावे. ‘गरज वाटल्यास संपर्क साधावा’ या वाक्याने कोणालाच काही कळत नाही.

औषधांबाबत थोडे अधिक काळजीपूर्वक लिहावे लागते, कारण डिस्चार्जनंतरचे अनेक घोटाळे येथेच होतात. कार्डावर जाताना द्यायच्या औषधांची यादी असते, पण आधीच्या औषधांचे काय झाले ते त्यात नसते. म्हणून नवीन, मात्रा बदललेली, बंद केलेली आणि तात्पुरती थांबवलेली असे चार गट करावेत आणि बदलाचे कारण चार शब्दांत द्यावे. कारण न दिलेला बदल बहुधा टिकत नाही. डायक्लोफेनॅक का बंद केले हे ठाऊक नसलेला डॉक्टर, गुडघे धरून बसलेल्या ओळखीच्या माणसाला तेच पुन्हा लिहून देईल, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते.

औषधाचे मूळ नाव लिहावे, केवळ कंपनीचे नाव नको. रुग्णालयाच्या मेडिकलमध्ये मिळणारा ब्रँड चंदगडच्या मेडिकलमध्ये मिळेलच असे नाही, आणि घरात जुन्या स्ट्रिप्स असतातच. डिस्चार्जनंतर पहिल्यांदा दवाखान्यात आलेल्या आजींची कॅरीबॅग टेबलावर रिकामी केली, की हे स्पष्ट दिसते. ॲस्पिरिनची जुनी पांढरी गोळी एका पाकिटात असते, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र असलेली नवी कॅप्सूल दुसऱ्यात, आणि आजी दोन्ही न चुकता घेत असतात, कारण पाकिटांवरची नावे वेगळी आहेत आणि ‘जुनी बंद करा’ असे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

औषध कधी बंद करायचे त्याची तारीखही द्यावी. आयसीयूत सुरू झालेली झोपेची गोळी आणि पोटाच्या संरक्षणासाठी दिलेले पँटोप्राझोल वर्षानुवर्षे चालू राहतात, ते तारीख न लिहिल्यामुळे. स्टेरॉइड दिले असेल, तर मात्रा कोणत्या तारखेला कितीवर आणायची हे दिवसांनिशी लिहावे, कारण बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड अचानक बंद करणे धोक्याचे असते. वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमेरॉल हे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर शेवटचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा), अपेक्षित पल्ला आणि पुढच्या तपासणीची तारीख या तीन गोष्टींशिवाय रुग्णाला घरी पाठवू नये. मेट्रोनिडाझोल किंवा कोट्रायमॉक्साझोलसारख्या साध्या वाटणाऱ्या प्रतिजैविकांनीही हा आयएनआर वाढतो, याची आठवण पत्रातच करून द्यावी.

न आलेल्या रिपोर्टांचे काय, हा दुसरा कळीचा मुद्दा आहे. लघवीचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) दोन-तीन दिवस घेते, रक्ताचे कल्चर साधारण पाच दिवस ठेवले जाते आणि बायोप्सीला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. रुग्ण मात्र बेड मोकळा करून आधीच गेलेला असतो. ‘बायोप्सी रिपोर्ट प्रलंबित’ एवढेच लिहू नये. नमुना कोणत्या लॅबमध्ये आहे, रिपोर्ट कधी अपेक्षित आहे, तो कोण पाहणार आणि रुग्णाला कोण सांगणार, हे चारही लिहावे. माझ्या मते, ज्यांनी तपासणी पाठवली त्यांनीच रिपोर्ट पाहून कळवावा. ते काम गावातल्या डॉक्टरांवर ढकलणे रास्त नाही. वॉर्डात अशा प्रलंबित रिपोर्टांची वही इन्चार्ज सिस्टरांच्या टेबलावर ठेवावी आणि रोज सकाळच्या राउंडला ती उघडावी.

शरीरात ठेवलेल्या नळ्यांची नोंद पहिल्या तीन ओळींत यावी. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर मूत्रवाहिनीत ठेवलेला डीजे स्टेंट हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तो बाहेरून दिसत नाही, दुखणे थांबलेले असते, रुग्ण कामाला लागतो आणि काही आठवड्यांत काढायची ती नळी विसरली जाते. पुढे तिच्यावर क्षार साचतात, जंतुसंसर्ग होतो आणि मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत मजल जाते. म्हणून ‘डीजे स्टेंट आत आहे, अमुक तारखेपूर्वी काढायचा आहे’ हे ठळक अक्षरांत लिहावे, आणि रुग्णाच्या प्रतीवर मराठीत ‘पोटात नळी ठेवली आहे, ती काढावीच लागते’ असे लिहावे. लघवीची नळी, ड्रेन आणि टाके यांनाही हाच नियम लागू आहे. टाके काढण्याचा दिवस जागेप्रमाणे बदलतो; चेहऱ्यावर साधारण पाच दिवस, पोटावर सात ते दहा आणि हातापायांवर दहा ते चौदा. तरीही ऑपरेशन करणाऱ्याने तारीख लिहून दिलेली बरी.

रुग्णाला आणि घरच्यांना काय सांगितले आहे, ही ओळ सहसा कोणीच लिहीत नाही. कर्करोगाचे निदान मुलांना सांगितलेले आणि आईला न सांगितलेले असते. ती शेजारणीबरोबर दवाखान्यात जाते, आणि डॉक्टर सहज विचारून बसतात, ‘केमो कधीपासून?’ निदान रुग्णालाच सांगायला हवे, असे माझे मत आहे. पण तोवर कोणाला किती ठाऊक आहे एवढे तरी पत्रात असावे.

कागद पोहोचवायचा कसा

डिस्चार्जच्या दिवशी बिल, औषधांचा हिशेब आणि कॅशलेसची मंजुरी यांच्या धावपळीत मूळ कार्ड विम्याच्या फाईलमध्ये जाते, आणि दवाखान्यात नातेवाईक हात चोळत सांगतात की कागद टीपीएकडे (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) दिले आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णांचीही कागदपत्रे दाव्यासाठी लागतात. म्हणून सुरुवातीलाच पत्राच्या दोन प्रती काढाव्यात आणि एकीवर ‘फॅमिली डॉक्टरांची प्रत’ असा शिक्का मारून ती वेगळ्या पाकिटात द्यावी. नातेवाइकांनी मूळ कागद कोठेही देण्यापूर्वी सर्व पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. कागद हरवलेच, तर भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागणी केल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. अर्ज लेखी करावा आणि पोच घ्यावी.

पत्र व्हॉट्सॲपवर पाठवणे सोयीचे आहे आणि सर्रास चालते. मात्र तिरक्या फोटोऐवजी पीडीएफ पाठवावी, ती डॉक्टरांच्या स्वतःच्या क्रमांकावर पाठवावी, आणि डॉक्टरांच्या ग्रुपवर रुग्णाच्या नावासह कागद टाकू नयेत. दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे जबाबदारी पोहोचली असे समजू नये. ‘मिळाले, क्रिएटिनिन मी पाहतो’ असे उत्तर आले, तरच ते काम सोपवले गेले असे धरावे. उत्तर नसेल, तर दुसऱ्या दिवशी फोन करावा. रुग्णाचा आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) काढलेला असेल, तर त्या चौदा अंकी क्रमांकाशी कागद जोडता येतात आणि रुग्णाच्या संमतीने पुढच्या डॉक्टरांना पाहता येतात. पण पुढच्या दवाखान्यात ती व्यवस्था वापरात आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

काही रुग्णांसाठी केवळ कागद पुरत नाही. हार्ट फेल्युअर, नव्याने सुरू झालेले इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधे, वाढलेले क्रिएटिनिन किंवा एकटे राहणारे वृद्ध, यांच्या बाबतीत घरी गेल्यापासून ४८ तासांच्या आत डॉक्टरांशी प्रत्यक्ष बोलावे. फोन ज्यांनी रुग्ण पाहिला आहे त्यांनी करावा, रिसेप्शनवरून करवू नये. वेळेचेही भान ठेवावे. दुपारी दोन ते चार ही कोल्हापुरात कोणालाही फोन करण्याची वेळ नव्हे, आणि संध्याकाळी सातला ओपीडी ऐन भरात असते. दुपारी साडेचार-पाचचा सुमार बहुतेकांना सोयीचा पडतो.

फॅमिली डॉक्टरांच्या बाजूने

चांगले पत्र मिळावे अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने रुग्ण पाठवताना तसेच पत्र द्यायला हवे. ‘कृपया पाहून उपचार करावेत’ एवढीच चिठ्ठी देऊन पाठवलेल्या रुग्णाची जुनी औषधे रुग्णालयाने कोठून शोधावीत? चालू औषधे, जुने आजार, ॲलर्जी आणि पाठवण्याचे नेमके कारण लिहावे.

पहिल्या भेटीत घरातली सगळी औषधे पिशवीसकट मागवावीत आणि कार्डाशी एकेक करून ताडून पाहावीत. जे बदललेले समजत नाही ते लगेच पूर्ववत करू नये. फोन करून विचारावे. एका नोंदणीकृत डॉक्टरांनी दुसऱ्यांचा दूरध्वनीवरून सल्ला घेणे हे २०२० च्या टेलिमेडिसीन मार्गदर्शक तत्त्वांत धरलेले आहे, मात्र निर्णयाची जबाबदारी समोर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांकडेच राहते. म्हणून काय विचारले आणि काय सांगितले गेले, हे केसपेपरवर तारीख-वेळेसह नोंदवावे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचे वजन पहिल्याच दिवशी घेऊन ठेवावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर धाप लागण्याची वाट न पाहता रुग्णालयाला कळवता येते. काही बदल केला, तर दोन ओळी उलट पाठवाव्यात, नाहीतर महिन्याने कन्सल्टंट जुनीच यादी समोर धरून बसतात.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलून टाकतो. रुग्णालयाला भीती असते की रुग्ण पुन्हा आपल्याकडे येणार नाही, फॅमिली डॉक्टरांना भीती असते की तो आपल्याकडून कायमचा गेला, आणि कट प्रॅक्टिसमुळे दोघांमधला प्रत्येक फोन संशयास्पद होऊन बसतो. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे-घेणे वर उल्लेखलेल्या विनियमांनी निषिद्ध ठरवले आहेच. जेथे ते चालते तेथे पत्राऐवजी पाकीट जाते, आणि वरील कोणतीही सूचना तेथे उपयोगी पडत नाही.

लांबचे रुग्ण आणि पावसाळा

कोल्हापुरात उपचार घेणारे सगळे कोल्हापूरचे नसतात. घाटाखालून कणकवली-सावंतवाडीचे, सीमेपलीकडून निपाणी-चिकोडीचे आणि हंगामात मराठवाड्यातून आलेले ऊसतोड मजूर येथे दाखल होतात. शंभरेक किलोमीटरवरच्या चंदगडच्या माणसाला ड्रेसिंगसाठी दर तिसऱ्या दिवशी सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) बोलावणे त्याला परवडत नाही. तो येत नाही, आणि आपण ‘रुग्ण फॉलोअपला आला नाही’ अशी नोंद करतो. अशा वेळी तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी हेच फॅमिली डॉक्टर समजून त्यांना पत्र लिहावे, आणि कोणती कामे तेथे होऊ शकतात ते त्यांना विचारूनच ठरवावे. ऊसतोड मजुरांच्या बाबतीत टोळी पुढच्या आठवड्यात कोठे असेल ते मुकादमाला विचारावे आणि दोन्ही ठिकाणांसाठी पत्र द्यावे.

जुलै-ऑगस्टमध्ये फॉलोअपची तारीख देताना नदीचाही विचार करावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्गसुद्धा बंद पडला होता, आणि शिरोळ तालुक्यातील गावे किंवा गगनबावड्याचा रस्ता तर त्याआधीच तुटतो. या दिवसांत डायलिसिस, इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या रुग्णाला घरी सोडताना औषधे महिन्याची द्यावीत, रस्ता बंद झाल्यास जवळची पर्यायी जागा कोणती हे पत्रात लिहावे, आणि पाणी चढण्यापूर्वीच नातेवाइकांकडे हलवायचे झाल्यास तेथील डॉक्टरांचे नाव नोंदवून घ्यावे.

सल्ल्याविरुद्ध घरी गेलेला रुग्ण

पैशांअभावी किंवा घरातल्या अडचणीमुळे सही करून गेलेल्या रुग्णाला अनेकदा कागदच मिळत नाहीत, किंवा रागाने अपुरे मिळतात. खरे तर त्याच्या डॉक्टरांना सर्वांत आधी कळवायला हवे, कारण त्याचा उपचार अर्धवट राहिलेला आहे. आतापर्यंत काय दिले, काय बाकी आहे, कोणती लक्षणे दिसल्यास १०८ बोलवायची आणि तो परत आला तर कोणत्या खात्याकडे यायचे, एवढे त्याच दिवशी फोनवर सांगावे आणि तेच लिहून नातेवाइकाच्या हाती द्यावे.